साडीच्या घडीचा व्हिडिओ

माल एकाचा आणि शिक्का दुसऱ्याचा, हा खेळ सोलापूरच्या कापडबाजारात जुनाच. भालचंद्रशेठ होटकरांनी तो मोबाइलवर आणला. सुलभा इराबत्ती दुकानांतल्या विक्रेत्यांना साडीची घडी शिकवायची. तिचा व्हिडिओ शेठनी न विचारता उचलला, त्यावर आपल्या दुकानाचं नाव चिकटवलं आणि नोकरांना शिकायला दिला. सुलभानं हरकत घेतली, तर शेठनीच व्यापारी संघात तक्रार ठोकली, की हिनं आमचा व्हिडिओ चोरला.

संघात जो तो सुलभाकडं संशयानं बघू लागला. चोरीचा ठपका बसला असता, तर बाजारात तिला कुणी दारात उभं केलं नसतं.

"व्हिडिओत नुसते हात दिसतात," शेठ मिशीत हसले, "आणि ते आमच्याच एका विक्रेतीचे आहेत. आता बोला, बाई!"

"मी कशाला बोलू? तुमच्या विक्रेत्यांना बोलवा आणि एकेक घडी घालायला सांगा."

शेठच्या दुकानातल्या चौघीच्या चौघी आल्या. चौघींनीही उजव्या हातानं साडी दाबून धरली आणि डाव्या हातानं अडखळत घडी घातली.

अध्यक्ष चक्रावले. "अगं, सगळ्या डावखुऱ्या कशा?"

"नाही हो अण्णा, आम्ही सगळी कामं उजव्यानंच करतो," एक जण म्हणाली. "पण व्हिडिओत असंच आहे. शेठ म्हणाले, दिसतं तस्संच करा."

सुलभानं समोरची साडी घेतली आणि डाव्या हातानं झरझर घडी घातली.

"शेठ, व्हिडिओ नेलात तो नेलात, निदान माझा डावखुरेपणा तरी माझ्यापाशी ठेवायचा होता!"