बुटातला पांढरा केस

"आधी सांगा डॉक्टर, आज सकाळपासनं कुठकुठं जाऊन आलासा?"

तिमव्वा धोत्रे फाटकात उभी होती. फाटक कसलं, दोन बांबू आणि मोडक्या खाटेची जाळी. पण ती तिथून हलेल असं दिसत नव्हतं.

डॉ. मयूरेश टेकाळेनं लसीचा बर्फाचा डबा या हातातून त्या हातात घेतला. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात रुजू होऊन त्याला सातच महिने झाले होते. कॉलेजात पहिला आलेला, सुवर्णपदक मिळवलेला. खाणीजवळच्या वडारवस्तीतली, डुकरं पाळणारी ही साठीची बाई आपल्याला फाटकात अडवून जाब विचारते, याचं त्याला आधी हसू आलं. मग राग आला.

"आक्का, मी लस टोचायला आलोय. फुकट आहे. तुमच्याच जनावरांच्या भल्यासाठी."

"ते कळलं. कुठनं आलासा?"

"बागलांच्या फार्मवरून."

"तिथं काय झालंय?"

"काही नाही. चार-पाच डुकरांना साधा ताप आहे. इंजेक्शन दिलंय, उतरेल."

"किती मेली?"

मयूरेशनं डबा खाली ठेवला.

"दोन."

तिमव्वानं मान हलवली. आतल्या गोठ्यात तिची त्रेचाळीस डुकरं होती. गावठी, काळीभोर. एक नुकतीच व्यालेली डुकरीण कुशीवर पडली होती आणि पिल्लं तिच्या पोटाशी ढकलाढकली करत होती.

"बूट काढा," ती म्हणाली.

"काय?"

"उजवा. द्या हिकडं."

का कुणास ठाऊक, त्यानं काढला. एका पायावर उभा राहून काढला आणि दिला.

तिमव्वा दगडावर बसली. बूट उलटा केला. बाभळीचा काटा घेऊन तळाच्या खाचेतली वाळलेली घाण तिनं सावकाश उकरली. ती एका फरशीवर झाडली. काट्याच्या टोकानं बाजूला केली...

मग काहीतरी चिमटीत धरून उन्हात वर केलं.

केस होता. राठ, बोटभर लांब, पांढराशुभ्र.

"माझ्याकडं पांढरं डुक्कर न्हाई, डॉक्टर."

मयूरेशनं तो केस निरखला. बागलांची सगळी डुकरं पांढरी, विलायती होती.

"त्यांना लस टोचलेली हुती का?" तिनं विचारलं.

"हो. चार महिन्यांपूर्वी. मीच टोचली होती."

"मंग ताप कसला?"

तो उत्तर द्यायला गेला. सकाळी पाहिलेले कान त्याला आठवले, कडेनं जांभळे पडलेले. खाणं सोडून कोपऱ्यात एकमेकांवर पडून राहिलेली जनावरं आठवली. तेव्हाही त्याच्या मनात शंका चमकून गेली होती. पण बागल समोर उभे होते, चहा आला होता, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं होतं... साधा ताप.

"रगत तपासायला धाडलंसा?"

"नाही."

तिमव्वानं फरशीवरची घाण केसासकट चुलीत टाकली. फरशीवर आणि बुटावर चुन्याचं दाट पाणी ओतलं. हात राखेनं, मग साबणानं धुतले. ओला बूट त्याच्यासमोर ठेवला.

"पुढच्या वस्तीवर जाऊ नगा. आज न्हाई, उद्या न्हाई. आधी तिकडं काय हाय ते बघा."

"आणि ही लस?"

"बर्फात ऱ्हाईल. तुमी जावा."

मयूरेश परत बागलांच्या फार्मवर गेला. या वेळी त्यानं रक्ताचे नमुने घेतले, मेलेल्या डुकराची प्लीहा घेतली, जिल्ह्याला फोन लावला. बागल त्याच्या मागं मागं फिरत होते. वजनदार माणूस. तालुक्यात त्यांचा शब्द खाली पडत नसे.

"डॉक्टर, साधा ताप म्हणालात ना सकाळी?"

"म्हणालो होतो. चुकलो."

"लिहून पाठवलंत तर माझं फार्म जाईल."

"नाही पाठवलं तर तालुक्यातली सगळी जातील."

"तुमची बदली करून टाकीन."

"करा. पण फाटकाला आत्ता कुलूप लावा. एक जनावर बाहेर जाता कामा नये, आणि तुमचा एक गडी दुसरीकडच्या डुकरांत जाता कामा नये."

त्यानं आपले कपडे तिथंच औषधाच्या पाण्यात भिजवले. लसीकरणाची गाडी थांबवली. वरून फोन आले, लक्ष्य पूर्ण का झालं नाही म्हणून. तो दर वेळी तेच सांगत राहिला. अहवाल येईपर्यंत मी एकाही डुकराजवळ जाणार नाही.

आठव्या दिवशी अहवाल आला. ज्याची लस तो टोचत होता, तो डुकरांचा नेहमीचा ज्वर नव्हताच. ज्याच्यावर लस नाही आणि औषधही नाही, तो दुसरा ज्वर होता.

बागलांची एकशे अठरा डुकरं मारून खोल खड्ड्यात पुरावी लागली. मयूरेश शेवटचं जनावर पडेपर्यंत तिथून हलला नाही. बागल शेडच्या पायरीवर बसून होते. त्यांनी पुन्हा बदलीचं नाव काढलं नाही.

रोग त्या कुंपणाबाहेर गेला नाही.

दीड महिन्यानं सगळं निवळलं, तेव्हा मयूरेश वडारवस्तीवर आला. सकाळची पहिलीच फेरी होती. नवे गमबूट, प्रत्येक जनावराला वेगळी सुई. फाटकाशी थांबला आणि त्यानं हाक मारली.

"आक्का, येऊ का?"

"या."

डुकरं धरायचा दोरीचा फास तिमव्वानं स्वतः धरला. एकेक डुक्कर कान फुटेस्तोवर ओरडत होतं, ती एकेकाच्या कानामागं खाजवत होती. त्रेचाळीस झाली. पलीकडच्या वेगळ्या खोपटात एक तरणा नर होता. मयूरेश तिकडं वळला.

"त्यो नवाय," ती म्हणाली. "म्हैनाभर लांबच. त्याचं मागनं बघू."

मयूरेश मागं फिरला, डबा बंद करू लागला. मग त्याला राहवलं नाही.

"पाच वर्षं शिकलो मी, आक्का. पुस्तकात हे सगळं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं... तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

तिमव्वानं फासाची दोरी गुंडाळून खुंटीला अडकवली. व्यालेल्या डुकरिणीची पिल्लं आता मोठी झाली होती, गोठाभर धावत होती.

"लई वर्सामागं माझी समदी मेली हुती," ती म्हणाली. "भणीची आजारी डुकरं बघाय मी गेले हुते. सांच्याला परत आले... आन् दारात मला कुणी अडवलं न्हाई."