टेकत्या ऐनाची हाक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की किती वर्षं, ते विचारू नका. ऐनवाडीत हा प्रश्न विचारला की जो तो आपल्या आजीचं वय सांगतो आणि वर थोडी भर घालतो.

तेव्हा गावामागचा डोंगर आजच्यासारखा नव्हता. नुकतीच हजामत केलेल्या डोक्यासारखा दिसायचा. गावाचं नाव ऐनवाडी आणि ऐनाचं झाड औषधापुरतं एखादं, म्हणून खालच्या गावची माणसं हसायची. ऐनवाडीकर रागवायचे नाहीत. चुलीच्या धुरानं सगळ्यांचे डोळे मुळातच इतके लाल असत, की रागावल्याचं कुणाला कळलंही नसतं.

त्या गावात भिवरा नावाची बाई होती. कोंडाबाईची थोरली सून. धाकटी सून मथुरा. असं म्हणतात, की या दोघी एकाच घरात जावा असूनही कधी भांडल्या नाहीत. या गोष्टीत पुढं पुष्कळ चमत्कार आहेत, पण गावातल्या बायकांना सगळ्यात अवघड वाटतो तो हाच.

घरात दोघींना बोलायला मिळायचं नाही. कोंडाबाईला दिसायचं कमी, पण ऐकायला भिंतीपलीकडचं यायचं. मोळीला निघालं की मात्र डोंगर त्यांचा. ओझ्याखाली डोक्यावर ठेवायचं कापडाचं कडं, म्हणजे चुंबळ, हातात फिरवत दोघी चढायच्या आणि साठलेलं सगळं बोलून घ्यायच्या.

वाटेवर बायकांची खुणेची झाडं होती. गावाच्या वर भांडणाचा आंबा. पाड, म्हणजे पहिला पिकला आंबा, कुणी आधी पाहिला यावरून तिथं भांडणं व्हायची. त्याच्या वर रडका उंबर. नव्या सुना तिथं माहेर आठवून रडून घ्यायच्या, कारण घरी रडलं की सासू विचारायची, इथं तुला काय कमी आहे? आणि अगदी वर, डोंगराच्या शेवटच्या सोंडेवर टेकता ऐन. त्याच्या खोडाला मोळी टेकवून दम घ्यायचा, दरीत उतरलेलीला ‘हूऽऽ’ अशी हाक घालायची, तिनं तसंच उत्तर द्यायचं. मथुरा म्हणायची, “आक्का, डोळे बांधले तरी मी ऐनापर्यंत येईन. तिथून पुढं तुझ्या हाकेवर.”

पण गावाला चुली होत्या आणि चुलींना रोजची भूक होती. आधी वाळलेलं गेलं. मग वाळायला आलेलं गेलं. मग वाळेलसं वाटलं तेही गेलं. भांडणाचा आंबा एका लग्नाच्या पंगतीखाली जळाला. उंबर तोडू नये अशी गावाची श्रद्धा होती, म्हणून त्याच्या फांद्याच तेवढ्या नेल्या. होत्या तेवढ्या सगळ्या. ऐन उरला होता. त्यालाही जाता-येता प्रत्येकीनं हात लावला, आणि एका हिवाळ्यात त्याचा बुंधा तेवढा राहिला.

त्याच हिवाळ्यात, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, दोघी ऐनाच्या उरल्यासुरल्या फांद्या तोडून घेऊन सोंडेपलीकडं दरीत उतरल्या. लाकूड मिळेपर्यंत उशीर झाला. कोंडाबाई ओरडेल म्हणून भिवरा झपझप पुढं निघाली. ती सोंडेवर पोचली आणि दरीतून धुकं वर आलं. पाच पावलांपलीकडचं दिसेना.

भिवरानं हाक घातली, “हूऽऽ!”

खालून मथुरेचा आवाज आला. “आक्काऽ, ऐन कुठंय गं?”

भिवरानं सवयीनं खोडाकडं हात नेला, तर हात हवेत गेला. ऐन तिच्या डोक्यावरच्या मोळीत होता. थोडा मथुरेच्या मोळीत होता.

“इकडं ये! इकडं!” ती ओरडली. पण उघड्या कातळानं तिचा आवाज चहूकडं फेकला. इकडं, इकडं, इकडं. सगळा डोंगरच इकडं बोलवायला लागला.

धुकं विरल्यावर कड्याच्या काठाशी मथुरेची मोळी सापडली. चुंबळ नाही, मथुरा नाही. माणसं दोर बांधून दरीत उतरली. तिथंही काही नव्हतं.

गावानं आपापली मतं दिली. कुणी म्हणालं, वाघानं नेली. पण वाघाला राहायला जंगल लागतं, ते तर गावानं शिजवून खाल्लं होतं. मग ठरलं, की पळून गेली. हे सगळ्यांना पटलं. मथुरेच्या नवऱ्याला इतकं पटलं, की त्यानं वर्ष भरायच्या आत दुसरी बायको आणली.

पाणवठ्यावर बाया विचारायच्या, “काय गं भिवरे, कुणाबरोबर गेली तुझी जाऊ?”

“कुणाबरोबर नाही. वाट चुकलीय,” भिवरा म्हणायची. “ऐन शोधतेय ती. दिसला की येईल.”

बाया हसायच्या. मग हसायच्या बंद झाल्या, कारण भिवरा खरंच रोज हंडाभर पाणी घेऊन सोंडेवर जायला लागली. त्या मेलेल्या बुंध्याला पाणी घालायची, हाक घालायची, आणि स्वतःचीच हाक परत ऐकून खाली यायची. असं म्हणतात, की एका रात्रीत त्या बुंध्यातून हातभर फुटवा आला. झाडांची माहिती असलेले सांगतात, की ऐन बुंध्यातून फुटतोच. फुटत असेल. पण त्याआधी त्याला पाणी घालणारं कुणी नव्हतं.

फुटवा कमरेएवढा झाला. एक दिवस भिवरा सोंडेवर गेली, तर तो नव्हता. कोयत्याचा ताजा घाव तेवढा होता.

ती घरी आली. घर धुरानं भरलं होतं. कोंडाबाई खोकत म्हणाली, “मेलं ओलं लाकूड, पेटता पेटत नाही.” भिवरानं वास ओळखला. नव्या जावेनं, बिचारीनं, हाताशी आलं ते आणलं होतं. भिवरानं हंडा उचलला आणि तव्यावरच्या भाकरीसकट चुलीवर ओतला.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. पेटती चूल विझवणारी सून ऐनवाडीनं तोवर पाहिली नव्हती. भिवराला मात्र एक गोष्ट लख्ख कळली होती. गावात चूल पेटते आहे तोवर डोंगरावर ऐन उभा राहणार नाही, आणि ऐन उभा राहत नाही तोवर मथुरेला वाट सापडणार नाही.

आता, पाटलांच्या परसात गोबरगॅसची एक टाकी होती. ग्रामसेवकानं ती मोठ्या हौसेनं बसवून घेतली होती. साहेब आले, फोटो निघाला, हार घातले गेले. टाकीलाही एक हार घातला. पुढं तिच्यात कुणी शेण कालवलं नाही, आणि पाटलांच्या कोंबड्या वर बसू लागल्या. भिवरा ग्रामसेवकाला म्हणाली, “दादा, कोंबड्या पाटलांच्या पाटलांना राहू देत. खालची टाकी मला मिळेल का?”

टाकी कुणी आपणहून मागेल, याची ग्रामसेवकाला सवय नव्हती. पाटलांना विचारून त्यानं ती लगेच देऊन टाकली.

खड्डा भिवराच्या नवऱ्यानं खणला. हा माणूस मुका नव्हता, पण कोंडाबाईच्या घरात तसा वाटायचा. टाकी बसली, शेणकाला ओतला, आणि काही दिवसांनी भिवरानं काडी ओढली. निळी ज्योत उठली. धूर नाही.

कोंडाबाई ज्योतीकडं संशयानं बघत राहिली. “आणि आर कुठाय गं? निखारे नाहीत, तर भाकरी कशावर फुगायची? तुझ्या नाकावर?”

“तव्यावर फुगते, आत्याबाई.”

“राख नाही. भांडी कशानं घासू?”

“शेजारच्या चुलीची आणते की.”

“शेजारच्या चुली विझवायलाच तर निघालीयेस!” कोंडाबाई म्हणाली. हे मात्र खरं होतं.

मग देवीचा गुरव आला. शेणावर शिजलेला नैवेद्य देवीला चालायचा नाही म्हणाला. भिवरानं विचारलं, “आणि गोवऱ्या काय चंदनाच्या थापता का तुम्ही?” गुरव विचार करायला गेला तो परत आला नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोंडाबाईचा खोकला थांबला. तिनं त्याचं श्रेय देवीला दिलं, पण निळ्या ज्योतीपुढून ती उठेना.

खरी अडचण वेगळीच निघाली. मोळीला जाणाऱ्या बायाच तयार होईनात. त्यांच्यातली गोजरा तोंडाची फटकळ. ती म्हणाली, “आक्का, तुझी टाकी तुला लखलाभ. मोळी बंद झाल्यावर आम्ही घराबाहेर पडायचं कधी? एकदम तिरडीवर?”

गोजराचं म्हणणं भिवराला पटलं. मथुरेशी बोललेलं सगळं ती त्याच वाटेवर बोलली होती. ती वाट बंद करायची तर मथुरा येणार कुठून?

“मोळी बंद,” ती शेवटी म्हणाली. “डोंगर बंद नाही. चुंबळ तीच राहू दे. जाताना हंडा न्यायचा, येताना डोकं मोकळं.”

“आणि सासूला काय सांगू? डोंगराला तहान लागलीय?”

“सांग, ग्रामसेवकाचा हुकूम आहे.”

असा हुकूम ग्रामसेवकानं काढलेला नव्हता. त्याला तो गावात आल्यावर कळला. हुकूम चांगला वाटला, म्हणून त्यानं तो मागाहून काढला.

घरोघर टाक्या बसायला पुष्कळ वर्षं लागली, तोवर बाकीच्या चुलींनी गोवऱ्यांवर भागवलं. कोयते मात्र त्याआधीच गंजायला लागले. बाया वर जाताना पाणी न्यायच्या, टाकीतला शेणकाला न्यायच्या, आणि येताना हात हलवत, गप्पा मारत यायच्या. भिवरानं झाडं उलट्या क्रमानं लावली. आधी सोंडेवरच्या बुंध्यातून पुन्हा फुटलेला ऐन राखला, मग त्याच्या खाली उंबर, मग गावाजवळ आंबा. कुणी विचारलं तर म्हणायची, “तिला ज्या क्रमानं लागतील त्या क्रमानं.” त्या तिघांच्या आडोशानं बाकीचं जंगल आपोआप आलं. असं म्हणतात, की बाया हंडा विसरल्या तर झाडंच दोन पावलं खाली येऊन वाट बघायची. आंब्याला पहिला पाड लागला, त्या दिवशी गोजरा आणि नवी जाऊ त्यावरून कडाकडा भांडल्या. भिवरा बाजूला बसून ऐकत राहिली. असं म्हणतात, की इतक्या वर्षांत ती तेव्हाच पहिल्यांदा रडली.

जंगल दाट झालं तसा डोंगर तिची हाक परत देईनासा झाला. पानं आवाज पिऊन टाकायची. भिवरा म्हातारी झाली, तरी मार्गशीर्षात धुकं पडलं की ती वर जायचीच. हाक घालायची आणि शांतता ऐकायची. गोजरा म्हणाली, “आक्का, आता तर तुझाही आवाज येत नाही.” भिवरा म्हणाली, “बरंय ना. माझाच गोंधळ मध्ये होता. आता तिचा आला तर ऐकू येईल.”

एका सकाळी बाया पाणी घालून उतरू लागल्या आणि धुकं चढलं. भिवरा म्हणाली, “तुम्ही व्हा पुढं. मी टेकते जरा.” ती ऐनाला टेकून बसली. बाया उंबरापर्यंत आल्या असतील नसतील, वरून तिचा आवाज आला. म्हातारीचा नाही, मोळीच्या दिवसांतला.

“मथुरेऽ! ऐन इथंय गंऽ!”

आणि मग, गोजरा मरेपर्यंत शपथेवर सांगायची, दरीतून कुणीतरी ‘हूऽऽ’ केलं.

बाया धावत वर गेल्या. हंडा रिकामा होता, ऐनाचं बूड ओलं होतं. भिवरा नव्हती. खोडाशी दोन चुंबळी टेकवलेल्या होत्या. एक भिवराच्या लुगड्याच्या चिंधीची. दुसरी जुनी, विटलेली, तसल्या काठाचं लुगडं गावात कुणी नेसायचं थांबून जमाना झाला होता. नव्या जावेनं ती कधी पाहिली नव्हती. गोजरानं मात्र ती मथुरेच्या डोक्यावर पाहिली होती.

आजही ऐनवाडीत मार्गशीर्षात धुकं पडलं, की त्या सकाळी घराघरातल्या बाया हंडे घेऊन सोंडेवर जातात. त्या परत येईपर्यंत घरात शेगडी पेटत नाही. पुरुष आदल्या दिवसाची भाकरी खातात आणि भिवराआक्काच्या नावानं ती गोड मानून घेतात. गावात आलेली सगळ्यात नवी सून दोन चुंबळी घेऊन पुढं असते. त्या ती ऐनाच्या खोडाशी ठेवते आणि दरीकडं तोंड करून हाक घालते, “मथुरेऽ, ऐन इथंय गंऽ!”

शाळेतले गुरुजी सांगतात, की इतक्या दाट झाडीत प्रतिध्वनी येत नाही. त्यांचं बरोबर आहे. म्हणून तर दोन आवाजांत ‘हूऽऽ’ आलं, की बाया एकमेकींकडं बघतात.

एखाद्या वर्षी काहीच ऐकू येत नाही. मग बाया धुकं विरेपर्यंत ऐनाला टेकून बसतात. खाली कुणी कितीही हाका मारो, त्या उठत नाहीत. नव्या सुनेचा जीव सासूच्या धाकानं वर-खाली होत असतो. तेव्हा कुणीतरी म्हातारी तिचा हात धरून तिला खाली बसवते आणि सांगते, “बस गं. घाई एकदा झाली होती.”