दोन डाव्या बाह्या

मोगरवाडी नावाचं एक गाव होतं. ते नेमकं कुठे, ते विचारू नका. वैशाखात वाटेने जाताना वाऱ्याला मोगऱ्याचा वास यायला लागला, की समजायचं, आलं जवळ. गावाला लागून मोगऱ्याची बाग होती, हिरवीगार आणि पांढरीशुभ्र. इतकी मोठी, की या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला नुसती कुजबुज पोचायची.

त्या बागेत हौसा कळ्या खुडायची आणि तिची आई गजरे ओवायची. हौसा आठ वर्षांची होती. नाव हौसा, पण घरात हौसेला जागा नव्हती. भाकरीपुरतं होतं, तेवढंच. कपडे दोन. एक विटका निळा परकर, मामेबहिणीकडून आलेला. त्यावर घालायला पोलकं नाही म्हणून घडी घालून ठेवलेला. आणि एक झगा. आता झगा म्हणायचं, पण मुळात तो पडदा होता. बागवाल्यांच्या घरातला जाडजूड, किरमिजी, मोरामोरांचा पडदा जुना झाला, तो त्यांनी मोठ्या मनाने देऊन टाकला. आईने शिवला त्याचा झगा. शिवताना एका मोराचं डोकं हौसाच्या पोटावर आलं आणि पिसारा गेला पाठीवर. थंडीत त्या झग्यात छान ऊब असायची. वैशाखात मात्र चुलीत बसल्यासारखं व्हायचं.

"मोराला उकडत असेल गं," हौसा म्हणायची.

"मोराला उकडतं आणि तुला नाही वाटतं?" आई हसायची. पण पदराने लेकीच्या मानेवरच्या घामोळ्यांचा घाम टिपताना तिचं हसू मावळायचं.

बागेवर देखरेख ठमाबाईंची. ठमाबाई वाईट नव्हत्या, फक्त कौतुकाचे शब्द त्यांना जड जायचे. काम उत्तम झालं तर त्या "बरं" म्हणायच्या, आणि बिघडलं तर बरंच काही म्हणायच्या.

एकदा लागोपाठ तीन दिवस हौसाला उन्हात भोवळ आली. झुडपाच्या सावलीला टेकावं लागलं आणि टोपली राहिली अर्धी.

"हौसे," ठमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ऊन डोक्यावर आलं, आणि तुझी टोपली अजून उपाशी! कळ्या काय तुझ्यासाठी थांबणार आहेत? अजून चार दिवस बघते. टोपली भरली नाही, तर तुझ्या जागी दुसरी पोर आणते."

हौसा उठली. सगळ्यात शेवटच्या झुडपापाशी जाऊन बसली. त्या झुडपावर एकच टपोरी कळी होती. हौसा प्रत्येक झाडावर एक कळी ठेवायचीच. झाडाला स्वतःला वास घ्यायला एक नको का?

तेवढ्यात ती कळी हलली. एक पाकळी दारासारखी उघडली, आणि आतून एक इवलीशी, इटुकली परी बाहेर आली. चतुरासारखे झुळझुळीत पंख, पोपटी केस, अंगात पाकळ्यांचा घेरदार झगा.

"रोज सगळं झुडूप रिकामं होतं आणि माझं घर तेवढं राहतं," ती म्हणाली. "म्हटलं, बघावं तरी ही मुलगी कोण."

"तू परी आहेस?"

"मग काय, माशी आहे?" परी खुदकन हसली. "माझं नाव इवली. माग, काय हवं ते. एकच हं."

हौसाने विचार केला. जिलब्यांचं ताट डोळ्यांपुढे आलं आणि गेलं. मग ती हळूच म्हणाली, "मला एक पोलकं हवंय. हलकं. झुळकीसारखं."

परी जरा ओशाळली. "पोलकं नाही देता येत मला. कापड देता येतं. आमचे नियम असतात ना." आणि तिने तिळाएवढी बोटं मोजायला घेतली. "एक, शिवायचं तुझं तू. परी सुई धरत नाही. दोन, कापड एकदाच मिळेल. चुकलं तर चुकलं. आणि तीन, नीट ऐक. त्यातली एवढीशी चिंधीही दुसऱ्या कुणाला दिलीस, तर ती त्याच्याकडे कायमची टिकेल. पण तुझं पोलकं त्याच दिवशी, सूर्य मावळताना, पाकळ्या होऊन गळून जाईल."

"हे नियम कुणी केले?"

"काय माहीत बाई. मी या बागेत आले, तेव्हा होतेच."

इवलीने फुंकर मारली, आणि हौसाच्या मांडीवर कापड उतरलं. पांढरं म्हणावं तर गुलाबी, गुलाबी म्हणावं तर किंचित केशरी, पहाटेच्या आभाळासारखं. एका बाजूने दवासारखं चमचमणारं, दुसऱ्या बाजूने साधं. आणि गार! हात लावला की बोटांतून वारा जाई.

हौसा ते छातीशी धरून घरी पळाली. शेवग्याच्या सावलीत तिने जमीन झाडली, कापड पसरलं, परकर छातीशी बांधून अंगातला झगा काढला, तो त्यावर ठेवून मापाला खडूची रेघ मारली आणि शिवणीच्या दाबाला दोन बोटं सोडून कात्री धरली. आईला शिवताना तिने शंभरदा पाहिलं होतं. पाठ कापली, पुढा मधोमध उघडा कापला, गळा गोल कापला. मग एक बाही कापली; तीच कापडावर ठेवून, तश्शीच, हुबेहूब, दुसरी कापली.

बारीक मुंगीच्या रांगेसारखी टीप घालत तिने खांदे जोडले. डावी बाही लावून पाहिली. झक्क बसली. मग उजवी घेतली. ती काही केल्या बसेना. पुढचा खोलगट भाग पाठीकडे जाई.

हौसाने दोन्ही बाह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दुसरी बाही कापताना कापड उलटं धरायचं असतं, तेच ती विसरली होती. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच झाल्या होत्या! तिने एक बाही उलटवून लावून पाहिली. बसली खरी, पण चकाकी गेली आत. एक बाही लग्नाला निघालेली आणि दुसरी अंगण सारवायला, असं ते दिसायला लागलं.

शेवग्याच्या फुलावर इवली बसली होती. "दुसरं कापड नाही हं," ती अगदी हळू म्हणाली.

"माहितेय मला."

हौसा गुडघ्यात मान घालून बसली. दोन टपोरे थेंब मातीत पडले. मग तिने नाक पुसलं, दोन्ही बाह्या काढून बाजूला ठेवल्या, पोलक्याच्या कडा आत दुमडून घेतल्या, पुढे बटणं लावली आणि अंगात घातलं. दोन्ही हात वर केले. काखेतून गार झुळूक गेली. "अगंबाई," ती म्हणाली, "बिनबाह्यांचंच बरं की!"

दुसऱ्या दिवशी निळ्या परकरावर पोलकं घालून, खालची टोकं पोटाशी गाठ मारून हौसा बागेत गेली. ऊन डोक्यावर यायच्या आत टोपली शिगोशीग. ठमाबाईंनी टोपलीकडे पाहिलं, हौसाकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी तिने गाठ सोडली, पोलकं परकरावर मोकळं सोडलं आणि उरलेल्या चिंध्यांची वेणी घालून कमरेला बांधली. निराळाच कपडा झाला. तिसऱ्या दिवशी पुढचं मागे केलं, बटणं पाठीवर घेतली आणि गळ्याला मोगऱ्याच्या कळ्यांची झालर टाचली. चौथ्या दिवशी ते उलटंच घातलं. शिवण आतूनही इतकी नेटकी होती, की साधी बाजू वर आली तरी कुणाला कळलं नाही.

शेजारच्या ताटव्यात कळ्या खुडणारी बकुळा न राहवून म्हणालीच, "हौसे, खरं सांग, किती पोलकी आहेत तुझ्याकडे?"

"एकच."

"चल, थापाडी!"

पाचव्या दिवशी आंब्याखालच्या झोळीतून रडं ऐकू आलं. झोळीत ठमाबाईंचा नातू होता, दीड महिन्याचा. भर वैशाखात त्याला जाड दुपट्यात घट्ट गुंडाळलं होतं आणि डोक्याला कुंची. शेजारी त्याची आई, सगुणावहिनी, झोळी हलवत बसली होती. बाळाचा चेहरा लालबुंद, मानेवर घामोळ्या.

हौसाला घामोळ्या ओळखू यायच्या. "वहिनी, याला उकडतंय गं."

सगुणावहिनीने आधी बागेकडे पाहिलं, मग खालच्या आवाजात म्हणाली, "दिसतंय मला. पण सासूबाई म्हणतात, वारं लागेल. मी या घरात काल आलेली. मी काय बोलणार?"

"पातळ झबलं नाही एखादं?"

"सगळी फलालीनची. सासूबाईंनी थंडीत हौसेने शिवली."

हौसाला घरी कोनाड्यात ठेवलेल्या दोन बाह्या आठवल्या. आंब्याच्या पानाआडून इवली म्हणाली, "हौसा, तिसरा नियम." तिचा आवाज फक्त हौसालाच ऐकू येत होता.

"दिलेलं नक्की टिकतं ना?"

"टिकतं."

"आणि माझं?"

"आज सूर्य मावळेपर्यंत."

हौसाने पोलक्याची गार कड बोटांत धरली. उद्या पुन्हा तो पडदा. मग भोवळ, मग अर्धी टोपली, मग तिच्या जागी दुसरी मुलगी. आई काय म्हणेल? बाळ पुन्हा रडलं. आता त्याला मोठ्याने रडायचाही कंटाळा आला होता. नुसते हुंदके येत होते.

हौसा घरी पळाली.

बाह्या घेऊन ती झोळीपाशी बसली. एक सुलटी ठेवली, दुसरीही तशीच सुलटी तिच्यावर ठेवली, आणि काय गंमत! हातांना न जुळलेल्या त्या दोघी एकमेकींशी काठाला काठ जुळल्या. पुढा चमचमणारा, पाठ साधी. बाळ पाठीवरच तर झोपतं, पाठ कोण बघतंय! दोन्ही बाजूंनी टीप, खांद्यावर बारीक बंद, की झालं झबलं.

सगुणावहिनीने दुपटं सोडलं, कुंची काढली, झबलं घातलं. बाळाने एक खोल श्वास घेतला, हातपाय ताणले आणि एवढंसं तोंड उघडून जांभई दिली.

"कुणी काढलं दुपटं?" पाठीमागे ठमाबाई उभ्या होत्या.

हौसाने मान खाली घातली. तेवढ्यात एक आवाज आला. बारीक, पण न अडखळता.

"मी काढलं, सासूबाई. त्याला उकडत होतं."

ठमाबाई वाकल्या. त्यांनी बाळाच्या मानेला बोट लावलं. बाळ झोपलं होतं. त्यांनी बाजूला पडलेलं दुपटं उचललं आणि त्या निघून गेल्या. "बरं"सुद्धा म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी हौसाने झगा चढवला आणि पोलकं अंगणातल्या दोरीवर टाकलं. सूर्य शेवग्यामागे उतरला तशी त्याची कड थरथरली. एक पाकळी गळली, मग दुसरी. गुलाबी, केशरी, पांढऱ्या. आईने हौसाला जवळ घेतलं. दोरी रिकामी झाली तेव्हा इवली डोळे पुसत होती. ते अश्रू होते की दव, ते परीच्या बाबतीत सांगता येत नाही.

सकाळी हौसा पडद्याच्या झग्यात बागेत गेली.

"ते पोलकं कुठाय?" ठमाबाईंनी विचारलं.

"गेलं."

"गेलं म्हणजे? कुठे गेलं?"

ठमाबाईंनी झोळीकडे पाहिलं. तेच चमचमणारं कापड. परीची गोष्ट त्यांना सांगून पटली नसती, पण या पोरीने आपल्या पोलक्यातलं कापड बाळाला दिलं, एवढं त्यांना न सांगताच कळलं. त्या घरात गेल्या आणि एक लुगडं घेऊन आल्या. पांढरं, हिरव्या काठाचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं.

"आज टोपली राहू दे," त्या म्हणाल्या. "सावलीत बस आणि शिव स्वतःला काहीतरी. आणि..." त्यांनी लुगड्याची घडी उगाच सारखी केली. "बाळ रात्रभर झोपलं. फार छान झोपलं गं."

हौसाने शिवलं. या वेळी घाई केली नाही. दुपारपर्यंत हिरव्या काठाचं पोलकं अंगात होतं, उरलेलं लुगडं घडी करून ठेवलं होतं आणि हातभर तुकडा वेगळा पडला होता. इवली येऊन त्या तुकड्यावर बसली. तिच्या पाकळ्यांच्या झग्याच्या कडा तपकिरी पडल्या होत्या.

"तुझा झगा रोज असा होतो?"

"रोज. संध्याकाळी गळतो, सकाळी नवा येतो. दिलेलं तेवढं टिकतं ना. पण परीला कोण देणार?"

"हात वर कर," हौसा म्हणाली.

तिने गवताच्या काडीने परीचं माप घेतलं. अंगठ्याएवढं पोलकं शिवलं, पाठीला पंखांसाठी दोन फटी ठेवल्या, राळ्याच्या दाण्याचं बटण लावलं. मग शिकवलं: अशी गाठ मारली की कामाचं, मोकळं सोडलं की सणाचं, पुढचं मागे केलं की फिरायला जायचं. इवली गोल गोल फिरत राहिली. "किती कपडे झाले गं माझे!"

सूर्य मावळला. पाकळ्यांचा झगा गळून पडला. इवलीने मात्र श्वास रोखून आपल्या पोलक्याकडे पाहिलं. त्याचा एक धागाही हलला नाही.

तिने हौसाच्या गालाला गाल लावला, तिळाएवढं बोट लुगड्याच्या घडीवर टेकवलं आणि ती उजळायला लागली. आधी काजव्याएवढी, मग पणतीएवढी. मग सगळी बाग चांदीसारखी लखलखली, प्रत्येक झाडावर राहिलेली कळी एकदम उमलली, आणि त्या उजेडात इवली हसत हसत विरून गेली.

हौसाने लुगडं उचललं. त्यातून पोलकं कापून झालं होतं. तरी हाताने मापलं, तर पुरते नऊ वार!

कुंपणापाशी बकुळा उभी होती, भावाच्या जाड सदऱ्यात घामाघूम.

"हौसे, मला शिकवशील?"

"ये की. सरळ उभी राहा."

"ई, गुदगुल्या होतात!"

"हलू नकोस, माप वाकडं जाईल."

बकुळानंतर आणखी एक आली, मग आणखी दोघी. रोज आंब्याखाली कात्री चालायची, आणि रोज लुगडं नऊ वारच भरायचं. बागेतली शेवटची मुलगी होती चार वर्षांची ठकी. तिचं पोलकं कापलं त्या दिवशी लुगडं संपलं. अगदी नेमकं, एक चिंधीसुद्धा उरली नाही.