काकडीला दाखवलेले बोट

ओढ्याकाठच्या एका रानात एक ससा राहायचा, आणि मुलांनो, त्याचा राग सदा नाकाच्या शेंड्यावर असायचा. उन्हाळा तोंडावर आला की तो काकडीचे बी टोकायचा, तण उपटायचा, ओढ्याचे पाणी वेलांना घालायचा. हे काही हौसेपोटी नव्हते. वैशाखात ओढा आटला की त्याच्या पिल्लांची तहान या काकड्यांवरच भागायची, कारण नदी फार लांब होती.

यंदा वेल छान पसरले आणि त्यांना इवल्या इवल्या काकड्या लागल्या. एके सकाळी बाभळीवरची माकडीण खाली वाकून एका काकडीकडे बोट दाखवताना सशाला दिसली. झाले! कोवळ्या काकडीला बोट दाखवले की ती कुजते, असे त्या रानात सगळेच मानायचे. ससा तिच्या अंगावर धावून गेला.

"बोटाचं काय घेऊन बसलास?" माकडीण म्हणाली. "त्या काकडीला माशी टोचून आत अंडी घालतेय. आधी तिला बघ."

पण बघतो कोण? सशाने चारचौघांत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तीही चिडली आणि पुन्हा त्या बाजूला फिरकायची नाही असे सांगून निघून गेली.

थोड्याच दिवसांत काकड्या पिवळ्या पडून गळू लागल्या, तशी सशाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गळलेल्या काकड्या लांब नेऊन पुरायच्या सोडून त्याने वेलांच्या मधोमध त्यांचा ढीग रचला. वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून तो ढीग दाखवायचा आणि माकडिणीच्या नावाने बोटे मोडायचा. एकदा साळुंकी त्या ढिगातल्या अळ्या टिपायला उतरली, तर याने तिला ढेकळे मारून हाकलले.

"माझ्या पुराव्याला चोच लावायची नाही," तो म्हणाला.

आता अशा शहाण्याला काय म्हणावे? रोज नव्या काकड्या गळत होत्या, ढीग वाढत होता आणि त्याबरोबर सशाचा रागही. राखण करायची ती वेलांची, हा राखत बसला कुजकट ढीग!

वैशाखात ओढा आटला. पिल्ले पाणी पाणी करू लागली. शोधता शोधता सशाला पानाआड एकच हिरवी काकडी सापडली. त्याने ती घाईघाईने फोडली, तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

धाकट्या पिल्लाने विचारले, "बाबा, ही तर कुणाला दिसलीच नव्हती. मग ही कशी कुजली?"

ससा माकडिणीचे नाव घेणार, तोच त्याचे लक्ष ढिगाकडे गेले. ढिगाखालच्या मातीतून नव्या माश्या निघत होत्या आणि थेट वेलांवर जाऊन बसत होत्या. त्याने दात-ओठ खात सारा ढीग खोल पुरला. या वेळी राग स्वतःचाच आला होता, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

भर उन्हात तो पिल्लांना घेऊन नदीकडे निघाला. अर्ध्या वाटेत धाकटे पिल्लू खाली बसले ते उठेना. झाडावरून माकडीण उतरली, तिने त्याला पाठीवर घेतले आणि नदीपर्यंत नेले. काठावर त्याला उतरवून ती आल्या वाटेने निघून गेली, आणि सशाला मान वर करून तिच्याकडे बघवले नाही.

तात्पर्य : दुसऱ्याचा दोष दाखवायला जपून ठेवलेली घाण शेवटी आपल्याच घराचा नाश करते.