पाठीवरची तपासणी

तळ्याच्या राज्यात गोऱ्यालाच मान होता, आणि गोरा म्हणाल तर एकटा बगळा. म्हणून उजळायचा लेप तो विकायचा आणि चिखलाच्या रंगाची बाकी रयत विकत घ्यायची. डबीवर तपासणी मंडळाचा शिक्का असायचा: 'तपासलेले. निर्धोक.'

भागी बेडकीला तो शिक्का कधी पटला नाही. जो गिळायला टपलेला, तो आपल्याला देखणं कशाला करेल? पण तिच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते. आई जरा बाहेर गेली तशी पोरीनं अंगभर लेप थापला. बेडकाची जात निम्मा श्वास कातडीतून घेते. दिवस कलेपर्यंत कातडी तडकली आणि पोर आ वासून धापा टाकायला लागली. भागीनं तिला पाण्यात ठेवलं, शेजारीण जवळ बसवली आणि डबी घेऊन तडक मंडळ गाठलं. दारातच बगळ्यानं दुकान मांडलेलं. पुढं पोरींची ही रांग.

मंडळात कासव, खेकडा आणि गोगलगाय. तिघंही जुनी, मानाची.

"बाई, आम्ही आधी स्वतःच्या अंगावर लावतो, मगच शिक्का मारतो," कासव म्हणालं.

"खाज नाही की आग नाही," खेकडा म्हणाला. "उलट तकाकी बघा!"

"तुझ्याच पोरीची कातडी नाजूक," गोगलगायीनं नाक मुरडलं. "उन्हात हुंदडली असेल."

भागीनं तिघांना खालीवर न्याहाळलं. "अंगावर म्हणजे नेमकं कुठं, साहेब?"

"पाठीवर!" कासव म्हणालं. "नियमात 'अंगावर' लिहिलंय. पाठ अंगातच येते ना?"

"येते की. मग मान काय शेजाऱ्याची आहे?"

तिनं काडीवर लेप घेतला आणि कासवाच्या मानेजवळ नेला.

मान आत गेली. मागोमाग चारी पाय गेले. गोगलगाय शंखात शिरली. खेकड्यानं डोळे मिटून पाय पोटाशी ओढले. भागी काडी धरून थांबली. कुणी हललं नाही.

मग तिनं दार सताड उघडलं. "या गं पोरींनो, तपासणी बघून जा."

रांग मोडून पोरी आत आल्या. दगडावर तीन टणक पाठी लखलखत होत्या. तोंड एकाचंही दिसत नव्हतं.