हलवायाचं गाणारं दुकान

एका बाजारगावात एक हलवाई होता आणि त्याचं दुकान गायचं. दुकान कशाला गाईल म्हणा, त्याची माणसं गायची. पहाटे भट्टी पेटली की भजन सुरू, ते दिवेलागणीपर्यंत एकाचंही तोंड मिटायचं नाही. येणारेजाणारे म्हणायचे, "काय हसतीखेळती माणसं आहेत. शेट देवमाणूस असला पाहिजे."

देवमाणूस कसला, पक्का संशयी. गाणारं तोंड खात नाही, एवढाच त्यातला भक्तिभाव. कढईपाशी, परातीपाशी जो तो मोठ्यानं गात राही. एखादा आवाज बंद पडला की शेट गादीवरून ओरडे, "तोंड कुणाचं चालतंय रे?" माणूस कामाला ठेवतानाही तो हात बघत नसे, गळा बघे. चव घ्यायची ती एकट्या शेटनं. पहिला लाडू त्याच्यापुढे जाई, तो डोळे मिटून चिमूटभर चाखे, मान हलवी, मग माल बाहेर पडे.

अशा या दुकानात सारजा नावाची एक बाई काम मागायला आली. नवरा गेलेला, घरी दोन लेकरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. बाईच्या हाताला चव होती, पण ती विचारतो कोण? "एक भजन म्हण," शेट म्हणाला. तिनं म्हटलं. "उद्यापासून ये."

सारजा गायची, पण तिला ते फार टोचायचं. मळणीच्या बैलाला कुणी मुसकं बांधलं तर तिचा बाप त्या माणसाशी भांडायला जायचा, आणि इथं माणसांनाच बांधलेलं. "हे मुसकंच आहे, काका," ती एकदा दगडूकाकांना म्हणाली. दगडूकाका म्हणजे दुकानातले सगळ्यात जुने आचारी. ते हळूच म्हणाले, "असू दे, पोरी. मुसक्याखाली का होईना, घरचं पोट भरतंय."

पुढे पाटलाच्या लेकीचं लग्न ठरलं आणि लाडवांचं काम याच दुकानाला मिळालं. नेमकं त्याच वेळी शेटला पडसं झालं. नाक बंद, जिभेवर साखर ठेवली काय नि माती ठेवली काय, सारखंच. त्यात स्वस्त मिळालं म्हणून तूप नव्या व्यापाऱ्याकडून आणलेलं. बेसन भाजायला घेतलं आणि खवट वास भटारखानाभर पसरला. वास दगडूकाकांना आला, परात घासणाऱ्या बाईला आला, सगळ्यांना आला. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गात राहिले. पहिला लाडू शेटपुढे गेला. त्यानं डोळे मिटले, चाखला, मान हलवली. "झकास." आपल्याला चव लागत नाही, हे सांगायला त्याची जीभ रेटेना.

सारजाचं गाणं थांबलं.

"तोंड कुणाचं चालतंय रे?"

"माझं चालणार आहे आता," सारजा म्हणाली. तिनं परातीतला लाडू उचलला, सगळ्यांदेखत तोंडात घातला आणि थुंकून टाकला. "तूप खवट आहे, शेट. हा लाडू लग्नात वाढू नका."

"खाताना सापडलीस, म्हणून खोट काढतेस. उचलली जीभ, लावली टाळ्याला."

"लावली म्हणून तर कळलं. याला अक्कल लागत नाही, नुसती जीभ लागते. विचारा या सगळ्यांना."

शेटनं विचारलं नाही. "गा रे," तो ओरडला, आणि सगळे खाली मान घालून गायला लागले. मग तो सारजाला म्हणाला, "माफी माग, नाहीतर चालती हो."

सारजाच्या डोळ्यांपुढे लेकरांची ताटं आली. दोन शब्द बोलली असती तर काम राहिलं असतं. पण तिनं शांतपणे हात धुतले. "गळा भाड्यानं दिला होता, शेट. जीभ दिली नव्हती," ती म्हणाली आणि पायरी उतरून गेली.

लाडू लग्नात गेले आणि पहिलीच पंगत थू थू करत उठली. दुसऱ्या दिवशी भर बाजारात पाटलाची बैलगाडी दुकानापुढे उभी राहिली आणि गडी लाडवांच्या टोपल्या उतरवायला लागले. "एवढी माणसं दिवसभर गातात," पाटील गाडीवरूनच म्हणाले, "त्यातल्या एकालाही कळलं नाही?"

शेट माणसांवर उलटला. "तुम्हाला वास आला नव्हता?"

"आला होता की," दगडूकाका म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तोंड कुठं रिकामं होतं, शेट? तुमचंच भजन चाललं होतं."

त्यानंतर भट्टी पेटली, पण एकाचाही गळा उघडेना. शेटनं धमकावलं, एकेकाला काढून टाकतो म्हणाला. "काढा," दगडूकाका म्हणाले आणि सगळे हातातलं काम ठेवून उभे राहिले. "आधी सारजाला आणा, मग काय ते बघू." दुकान इतकं गप्प झालं की गिऱ्हाईक पायरीवर थबकून हळूच विचारी, "शेट, घरात कोणी गेलं का?"

शेवटी नाक मुठीत धरून शेट सारजाच्या दारात गेला. "कामावर ये."

"येईन. पण पहिला लाडू करणाऱ्याच्या तोंडात जाईल, आणि वाईट झाला तर तसं तोंडावर सांगितलं जाईल. नव्या माणसाला आधी चव शिकवायची, मग वळायला बसवायचं. गाणं मनात आलं तर म्हणू."

"आणि सगळे खातच बसले तर?"

"दुकान तुमचं, तुम्हाला अडवणारं कोणी नाही. तुम्ही किती खाता?"

शेटला तर लाडू नुसता पाहिला तरी मळमळायचं. चाखायचा तो तुकडाही तो नाइलाजानं गिळायचा. तो म्हणाला, "चल."

चांगल्या तुपातला, दगडूकाकांनीच वळलेला पहिला लाडू सारजानं त्यांच्या हातावर ठेवला. जन्मभर लाडू वळले, पण म्हाताऱ्यानं आपल्या हातचा लाडू कधी खाल्ला नव्हता. त्यांनी सावकाश चावला, डोळे पुसले आणि म्हणाले, "साखर जास्त आहे. म्हणजे इतकी वर्षं जास्तच पडत होती की, शेट."

शेट मान खाली घालून साखरेच्या पोत्याकडे बघत राहिला.

तात्पर्य: माणसाच्या तोंडावर पहारा बसवला की लाडू वाचतो आणि दुकान बुडतं. आणि ज्याच्या तोंडाला मुसकं आहे, त्यानं ते सोडायला शेटची वाट बघू नये.