साहेबांनी न पाहिलेला दिवस

शेअरदलाल उपासनीसाहेब रोज पैज लावत, उद्या सेन्सेक्स चढणार की पडणार. चहावाल्या सुभद्राबाईंचा नवरा श्रीपती त्या नादात घरही विसरला होता.

एका संध्याकाळी, श्रीपतीच्या देखत, कप गोळा करताना बाई म्हणाल्या, “साहेब, उद्या सेन्सेक्स चढणारही नाही, पडणारही नाही. मी जिंकले तर आमच्या ह्यांच्याशी पुन्हा पैज लावायची नाही.”

साहेब हसले. “कबूल. वीस वर्षं बाजार बघतोय, असा दिवस अजून उगवला नाही.”

“उद्या उगवेल. मघाशी तुमचाच शिपाई सांगून गेला, उद्या बाजाराला सुट्टी, चहा आणू नका.”

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि हात जोडले. श्रीपतीने बायकोच्या हातातली जड किटली घेतली. “चल,” तो म्हणाला, “उद्याचा चहा मी करतो. घरी.”